धावण्याआधी स्ट्रेचिंग की धावल्यानंतर: अभ्यास काय सांगतात आणि आपण काय करावे

सह्यधावक:

धावणाऱ्यांच्या बहुतेक गटांत ज्या गोष्टीवर कधीच एकमत होत नाही, ती म्हणजे स्ट्रेचिंग. आमच्या गटाचा सराव सध्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात चालू आहे आणि तिथेही दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ मंडळींचा आग्रह असा, की पळायला लागण्यापूर्वी ओणवे होऊन पायाचे अंगठे धरावेत, पोटऱ्या ताणाव्यात आणि प्रत्येक ताण अर्धा मिनिट तरी धरून ठेवावा, नाहीतर घाटात स्नायू दुखावणारच. तरुण मंडळी म्हणतात, की हे सारे धावून झाल्यावर करायचे असते आणि आधी केले तर उलट नुकसान होते. दोन्ही बाजू तितक्याच ठामपणे बोलतात, म्हणून या विषयावरचे काही प्रमुख अभ्यास मी वाचले.

ते वाचून माझे असे मत झाले आहे, की दुखापत टाळण्यासाठी म्हणून आपण जे स्ट्रेचिंग करतो त्याचा तेवढ्यापुरता उपयोग जवळजवळ नाही, मग ते आधी करा किंवा नंतर. याचा सर्वांत ठोस आधार ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५३८ नव्या रिक्रूटांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांनी वॉर्म-अप केला, पण एका गटाने त्यात पायांच्या सहा प्रमुख स्नायुगटांचे, प्रत्येकी वीस सेकंदांचे स्ट्रेचिंगही केले. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणात स्ट्रेचिंग करणाऱ्या गटात पायांच्या १५८ दुखापती झाल्या आणि न करणाऱ्या गटात १७५. दुसऱ्या गटात माणसे थोडी अधिक होती हे लक्षात घेतले, तर हा फरक नसल्यात जमा आहे. मात्र भरती होताना ज्यांचा दम कमी होता त्यांना दुखापती ठळकपणे जास्त झाल्या, आणि मला वाटते की आपण लक्ष द्यायचे ते या निष्कर्षाकडे.

नेदरलँड्समध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर थेट आपल्यासारख्या हौशी धावणाऱ्यांवर होता. ४२१ पुरुषांपैकी निम्म्यांना वॉर्म-अप, स्ट्रेचिंग आणि कूल-डाउन कसे करावे हे नीट शिकवले गेले आणि सोळा आठवडे सर्वांच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. धावण्याच्या दर हजार तासांमागे शिकवलेल्या गटात ५.५ आणि न शिकवलेल्या गटात ४.९ दुखापती झाल्या.

मला अधिक काळजी वाटते ती एका वेगळ्या गोष्टीची. सकाळी उशीर झाला, की लोक गाडीतून उतरतात, जागेवर उभ्या उभ्या दोन-तीन ताण घेतात आणि शरीर तयार झाले असे समजून सरळ चढाला लागतात. थंड स्नायूंना ओढून धरणे म्हणजे वॉर्म-अप नव्हे, हे आपल्या गटांतून कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. जाणकारांनी यावर लिहावे, ही विनंती.


निवृत्त_सुभेदार:

सह्यधावक, आपण मेहनतीने लिहिले आहे, परंतु माझे आयुष्य पीटीच्या मैदानावर गेले असल्यामुळे मला याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. नव्या जवानांच्या नडग्या दुखावतात, घोटे मुरगळतात, गुडघे धरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आमच्या उस्तादांनी आम्हांला अंग मोकळे केल्याशिवाय कधी पळू दिले नाही आणि आम्हीही पुढच्या पोरांना पळू दिले नाही. त्यामागे अनुभव होता. एका परदेशी प्रयोगात फरक दिसला नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त सोडून द्यावी, हे मला पटत नाही. शिवाय स्ट्रेचिंग करताना माणूस दोन मिनिटे स्वतःच्या शरीराकडे लक्ष देतो. काल ठणकणारी पोटरी आजही ठणकते आहे का, हे त्याला तेव्हाच कळते. हा लाभ कोणत्या आकड्यात मोजणार?


फिजिओ_कोथरूड:

सुभेदारसाहेब, तुमचा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि तो मी माझ्या रुग्णांनाही सांगते. फक्त तुमच्या मैदानावर जे चालत असे त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या, त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. जवान आधी हळू दौड करत, हातपाय फिरवत, उड्या मारत आणि मग ताण घेत. अंग मोकळे होत होते ते प्रामुख्याने पहिल्या भागामुळे. हळूहळू हालचाल वाढवली की स्नायूंचे तापमान वाढते, त्यांना होणारा रक्तपुरवठा वाढतो, आकुंचन-प्रसरण अधिक वेगाने होऊ लागते आणि सांध्यांतली सकाळची आखडलेली जाणीव कमी होते. एका जागी उभे राहून घेतलेल्या ताणाने यातले फारसे काही घडत नाही.

‘आधी केले तर नुकसान होते’ हे तरुणांचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. २०१६ साली बेम आणि सहकाऱ्यांनी या विषयावरील पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत स्थिर ताणानंतर स्नायूंच्या ताकदीत आणि वेगात सरासरी ३.७ टक्के घट दिसली. एका स्नायूला एकूण साठ सेकंदांपेक्षा कमी ताण दिला असेल तर घट सुमारे १.१ टक्का होती आणि साठ सेकंद किंवा अधिक दिला असेल तर ४.६ टक्के. उलट पाय झुलवणे, गुडघे उंच उचलत चालणे अशा हालत्या स्ट्रेचिंगनंतर १.३ टक्के वाढ आढळली. बहुतेक प्रयोगांत स्ट्रेचिंग संपल्यावर काही मिनिटांतच चाचणी घेतली गेली होती, हेही लक्षात ठेवावे, कारण खऱ्या शर्यतीत मधे बराच वेळ जातो आणि तो परिणाम ओसरतो. तेव्हा शंभर मीटर पळणाऱ्याला ही घट जाणवेल, पण घाटात दोन-अडीच तास धावणाऱ्याने सुरुवातीला वीस सेकंद पोटरी ताणली म्हणून त्याची शर्यत बिघडणार नाही.

आता धावणाऱ्याला लवचीकता किती हवी, ते पाहू. धावताना पाऊल पडते तेव्हा टाचेमागची अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती साठवलेली ऊर्जा स्प्रिंगप्रमाणे परत देते. या स्प्रिंगमध्ये काही ताठरपणा असणे धावणाऱ्याच्या हिताचे असते. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील काही अभ्यासांत तर कमी लवचीक असणारे धावपटू त्याच वेगाने धावताना कमी ऑक्सिजन वापरतात, असे दिसले आहे. म्हणून ओणवे झाल्यावर हात जमिनीला टेकत नाहीत, याचे धावणाऱ्याने दुःख करण्याचे कारण नाही. पाऊल टाकण्यासाठी घोट्याला, गुडघ्याला आणि खुब्याला जेवढी मोकळीक लागते तेवढी असली की पुरे.

सगळ्या धावण्याला मात्र हा नियम लागू नाही. साताऱ्याच्याच माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. तिथे खुब्याची मोकळीक हा कौशल्याचाच भाग आहे आणि ती कमवावी लागते.


नवखी:

मी अलीकडेच धावायला लागले आहे, त्यामुळे माझा प्रश्न कदाचित फार साधा असेल. घाटाच्या सरावानंतर दुसऱ्या आणि विशेषतः तिसऱ्या दिवशी माझ्या मांड्या इतक्या भरून येतात, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गटातील एका दादांनी सांगितले, की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठते, धावून झाल्यावर दहा मिनिटे स्ट्रेचिंग केले की ते निघून जाते आणि पाय दुखत नाहीत. मी ते प्रामाणिकपणे करते आहे, पण फरक जाणवत नाही. माझी पद्धत चुकते आहे का?


फिजिओ_कोथरूड:

ताई, तुमची पद्धत चुकत नाही. तुम्हाला जे कारण सांगितले गेले तेच बरोबर नाही. जोरात धावल्यावर रक्तातले लॅक्टेट (ज्याला लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) वाढते हे खरे, पण ते साधारण तासाभरात पूर्ववत होते, मग तुम्ही स्ट्रेचिंग करा किंवा शांत बसून राहा. तिसऱ्या दिवशी दुखणाऱ्या मांडीत ते शिल्लक नसते. तुम्हाला जे होते आहे ते व्यायामानंतर उशिरा येणारे स्नायूंचे दुखणे आहे. ते बहुधा चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप कमी होते. घाट उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावून शरीराला आवरत असतो. अशा कामाने स्नायुतंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, नंतर तिथे थोडा दाह होतो आणि तो भाग हळवा बनतो. तुम्हाला जिना चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाते ते याच कारणाने.

यावर धावल्यानंतरचे स्ट्रेचिंग किती उपयोगी पडते, हे मोजले गेले आहे. हर्बर्ट आणि गेब्रियल यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. शंभर मिलिमीटरच्या रेषेवर दुखणे किती आहे ते लोकांनी खूण करून दाखवायचे, तर स्ट्रेचिंगमुळे ती खूण सरासरी दोन मिलिमीटरपेक्षाही कमी सरकली. वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात बारा अभ्यास होते आणि तिथेही दुसऱ्या दिवशीचा फरक शंभरात जेमतेम एका गुणाचा निघाला. तुम्हाला फरक जाणवला नाही, यात नवल नाही.

ज्याने खरोखर फरक पडतो तो उपाय म्हणजे उताराची सवय हळूहळू करणे. एकदा मध्यम उतार धावून स्नायू दुखले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते पुष्कळ कमी दुखतात, कारण स्नायू स्वतःला त्या कामासाठी बदलून घेतो. म्हणून पहिल्याच रविवारी घाट पूर्ण उतरू नये. वर चढून जावे, उतारावर काही अंतर धावावे आणि उरलेले चालत यावे. दर आठवड्याला धावायचा भाग वाढवावा.


पेडररोड:

मी मुंबई मॅरेथॉनसाठी धावतो आणि धावण्याआधी पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू ताणणे ही माझी जुनी सवय आहे. या चर्चेत स्ट्रेचिंगच्या बाजूचा पुरावा राहून जातो आहे, म्हणून लिहितो.

२०१० साली नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी इंटरनेटद्वारे २,३७७ सक्रिय प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी बारा आठवडे व्यायामाच्या आधी आणि नंतर स्ट्रेचिंग केले, अर्ध्यांनी केले नाही. पायांच्या आणि पाठीच्या एकूण दुखापतींत फरक पडला नाही, हे मान्य. परंतु त्रासदायक दुखण्याची तक्रार स्ट्रेचिंग न करणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांनी केली आणि करणाऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांनी. शिवाय केवळ स्नायू, अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आणि कंडरा यांच्या दुखापती पाहिल्या, तर त्या स्ट्रेचिंग करणाऱ्यांत काहीशा कमी होत्या. लाभ लहान असेल, पण तो शून्य आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील ॲथलेटिक्स संघटनेच्या पुढाकाराने सुमारे २,७०० धावणाऱ्यांवर झाला. धावण्याआधी स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे, दोन्ही गटांत तीन महिन्यांत साधारण १६ टक्के लोकांना दुखापत झाली. परंतु ज्यांना आधीपासून स्ट्रेचिंगची सवय होती आणि जे चिठ्ठीप्रमाणे न करणाऱ्या गटात गेले, त्यांना दुखापती लक्षणीय प्रमाणात अधिक झाल्या. माझ्या मते या वादात सर्वांत व्यवहार्य निष्कर्ष हाच आहे. ज्याला सवय आहे त्याने ती शर्यतीच्या तोंडावर एकाएकी सोडू नये आणि ज्याला नाही त्याने केवळ भीतीपोटी सुरू करू नये.

शर्यतीच्या दिवसाबद्दलही एक अडचण मांडतो. जानेवारीच्या पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर गर्दीत बराच वेळ उभे राहावे लागते. तिथे हळू धावायला जागाच नसते. अशा वेळी स्ट्रेचिंग न करता काय करावे?


फिजिओ_कोथरूड:

तुम्ही दिलेले दोन्ही अभ्यास मला माहीत आहेत आणि त्यांचा तुम्ही लावलेला अर्थ योग्य आहे. एकच जोड देते. पहिल्या प्रयोगात कोण स्ट्रेचिंग करतो आहे हे सहभागी लोकांना अर्थातच माहीत होते. दुखणे ही ज्याची त्याने सांगायची गोष्ट असल्यामुळे त्या माहितीचा प्रभाव उत्तरांवर पडू शकतो. तरीही ज्याला बरे वाटते त्याला मी कधी थांबवत नाही.

गर्दीत उभे असताना जागच्या जागी गुडघे वर उचलावेत, टाचा उचलून चवड्यांवर यावे आणि पुन्हा टेकावे, शेजाऱ्याला न लागेल इतपत पाय पुढे-मागे झुलवावा, अर्ध्या बैठका काढाव्यात. अंगात जुना टी-शर्ट किंवा जाकीट ठेवून ऊब टिकवावी. आणि मॅरेथॉन पुरेशी लांब असते, तेव्हा पहिले दोन किलोमीटर मुद्दाम सावकाश धावून त्यांनाच वॉर्म-अप मानावे. पूर्ण शक्तीने सुरुवात करण्याची गरज पाच किलोमीटरवाल्याला असते, बेचाळीसवाल्याला नसते.


योगसाधक:

आपल्याकडे सूर्यनमस्कारांची परंपरा असताना त्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. साताऱ्याच्या धावपटूंना तर तो विशेष जवळचा वाटावा, कारण त्याच जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. मी धावण्यापूर्वी काही नमस्कार घालतो. त्यात खुबे, पोटऱ्या, पाठ आणि खांदे यांना एकापाठोपाठ एक ताण मिळतो, परंतु कुठेच दीर्घकाळ थांबावे लागत नाही आणि श्वासही वाढतो. वर ज्याला हालते स्ट्रेचिंग म्हटले आहे त्यात हे बसते का?


फिजिओ_कोथरूड:

निश्चित बसते, मात्र ते सलग लयीत घातले तर. प्रत्येक स्थितीत मिनिटभर थांबून घातलेले नमस्कार हा वेगळा व्यायाम झाला. पश्चिमोत्तानासन, हनुमानासन यांसारखी दीर्घ ताणाची आसने मात्र वेगाच्या सरावाच्या लगेच आधी करू नयेत. ती संध्याकाळी किंवा धावण्याच्या सुटीच्या दिवशी करावीत, म्हणजे शांतपणे आणि पुरेसा वेळ देऊन करता येतात. नमस्कारांनंतरही सहा-आठ मिनिटे हळू धावावे, कारण पळण्याची तयारी शेवटी पळण्यानेच पूर्ण होते.


निवृत्त_सुभेदार:

डॉक्टर, आपले उत्तर वाचून मला पहिल्या भागाचे महत्त्व पटले. दौड आधी आणि ताण नंतर, हाच आमचा क्रम होता. पुढे गावातल्या गटांनी दौड गाळली आणि ताण तेवढा ठेवला, असे दिसते. आता माझ्या वयाचा प्रश्न विचारतो. साठीनंतर अंग आखडते, बूट घालायला वाकणेही जड जाते. आम्हीही स्ट्रेचिंग सोडावे, असे आपले म्हणणे आहे का?


फिजिओ_कोथरूड:

मुळीच नाही. वयानुसार सांध्यांची मोकळीक कमी होते आणि नियमित स्ट्रेचिंगने ती सुधारते, याबद्दल वाद नाही. ती सुधारणा काही अंशी स्नायू ताण सहन करायला शिकतो म्हणून होते. जमिनीवर बसणे, वाकणे, मागे वळून पाहणे यांसाठी तुम्हाला ती हवीच आहे. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, अंग गरम असताना, प्रत्येक स्नायूला अर्ध्या ते एका मिनिटाचा ताण दोन-तीन वेळा द्यावा. धावून झाल्यानंतरची वेळ यासाठी सोयीची असते.

परंतु दुखापत टाळायची असेल, तर त्या वेळातला थोडा भाग स्नायूंच्या ताकदीसाठी काढा, ही माझी तुम्हाला आणि इथल्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. २०१४ साली लाउरसन आणि सहकाऱ्यांनी २६,६१० व्यक्तींचा समावेश असलेले प्रयोग एकत्र तपासले. स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही, पण ताकदीच्या व्यायामाने क्रीडा-दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी उरल्या आणि अतिवापराने होणाऱ्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती अतिवापराच्याच असतात. माझ्याकडे येणारे धावपटू मला आधी विचारतात, की कोणते स्ट्रेचिंग कमी पडले. मी त्यांना विचारते, की मागच्या महिन्यात अंतर किती वाढवले. उत्तर बहुतेकदा तिथेच सापडते.

अकिलीस कंडरा दुखत असेल तर पायरीवर चवड्यांच्या आधाराने उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करावा. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकी पंधरा वेळांचे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे करायचे असतात. हे स्ट्रेचिंगपेक्षा कंटाळवाणे आहे, पण नेटाने केल्यास पुष्कळांना उतार पडतो. कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथे, म्हणजे टाचेच्या अगदी मागे दुखत असेल, तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नये आणि पोटरीही जोराने ताणू नये, कारण त्या जागी कंडरा हाडावर दाबली जाते.


सह्यधावक:

सर्वांचे आभार. पुढच्या रविवारपासून आमच्या गटात सुरुवातीची दहा मिनिटे सपाटीवर हळू दौड, मग पाय झुलवणे आणि गुडघे उचलत चालणे, आणि त्यानंतर घाट, असा क्रम ठेवण्याचे ठरले आहे. ज्यांना सवय आहे त्यांनी दौडीनंतर थोडे ताण घ्यावेत, त्याला कोणी हरकत घेणार नाही. बुधवारी एका सदस्याच्या गच्चीवर बैठका, टाचा उचलणे आणि एका पायावरचे व्यायाम घेणार आहोत.

एक शेवटची शंका आहे. परतीच्या उतारावर पोटरीत अचानक गोळा येतो, तेव्हा काय करावे?


फिजिओ_कोथरूड:

तिथे मात्र स्ट्रेचिंग लगेच काम करते, आणि त्यासारखा दुसरा तातडीचा उपाय नाही. धावणे थांबवून कडेला यावे, कठड्याला किंवा झाडाला हात टेकावेत, गोळा आलेला पाय मागे ठेवून गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर दाबून धरावी आणि पुढे झुकावे. झटके देऊ नयेत. गोळा सुटेपर्यंत तसेच राहावे, मग थोडे चालावे आणि वेग कमी ठेवून पुन्हा धावावे. गोळा बहुधा दमलेल्या स्नायूला येतो, म्हणून तो पुन्हा येण्याची शक्यता धरून चालावे. परंतु पोटरीत कोणी मागून मारल्यासारखी तीव्र कळ आली असेल, ताण दिल्यावर दुखणे वाढत असेल किंवा चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर तो गोळा नाही. तिथे स्नायू किंवा कंडरा फाटलेली असू शकते. अशा वेळी अजिबात ताण देऊ नये, चालतही उतरू नये, गाडी बोलावावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.